मद्य, पितृत्व आणि अपत्याचा काळ
('एकच प्याला' व 'डेमन कॉपरहेड' ह्यांच्या अनुषंगाने)

१

'एकच प्याला' ह्या नाटकासंबंधी आजवर जी समीक्षा झाली, तिच्यातील प्रश्न स्थूलमानाने तीन आहेत. हे नाटक मद्यपाननिषेधाच्या प्रचारासाठी लिहिलेले आहे की ती एक स्वयंपूर्ण शोकात्मिका आहे, हा पहिला. सुधाकराचा नाश परिस्थितीने घडविला की त्याच्या मानी व उतावळ्या स्वभावाने, हा दुसरा. सिंधूचे पातिव्रत्य आदर्श मानावयाचे की आत्मनाशाचा मार्ग समजावयाचे, हा तिसरा. ह्या तिन्ही प्रश्नांवर अनुकूल-प्रतिकूल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातील बरेचसे लिखाण मोलाचे आहे. तथापि ह्या तिन्ही प्रश्नांच्या चौकटीत नाटकातील एका जिवाला कोठेच जागा मिळत नाही. तो जीव म्हणजे सुधाकर व सिंधू ह्यांचे तान्हे मूल होय.

ह्या मुलाचा मृत्यू नाटकात घडतो, प्रेक्षक त्याने हेलावतात, समीक्षक त्याचा उल्लेख करतात; परंतु तो उल्लेख नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी संदर्भात येतो. सुधाकर कोणत्या थराला गेला हे दाखविण्यासाठी, किंवा सिंधूने काय काय सोसले हे सांगण्यासाठी. मूल हे स्वतः एक व्यक्ती आहे, त्याचे काही हित आहे आणि त्या हिताची काळजी वाहण्याचे कर्तव्य कोणावर तरी होते, हा विचार समीक्षेने केलेला दिसत नाही. प्रस्तुत लेखात तोच करावयाचा आहे. त्यासाठी 'एकच प्याला'शेजारी बार्बरा किंगसॉल्व्हर ह्या अमेरिकन लेखिकेची 'डेमन कॉपरहेड' (२०२२) ही कादंबरी ठेवली आहे. दोन्ही कृतींचा विषय व्यसनाधीन पालकांच्या हाती असलेले मूल हाच आहे. परंतु एकीत मूल मुके आहे, तर दुसरीत तेच निवेदक आहे. एकीत कायदा मुलाच्या मृत्यूनंतर दारात येतो. दुसरीत तो मुलाच्या लहानपणापासून घरात ये-जा करीत असतो. ही तुलना केवळ विषयसाम्यापुरती नाही. पालकांचा हक्क आणि अपत्याचे हित ह्यांचा झगडा न्यायालयासमोर येतो तेव्हा खरा तिढा कशाचा असतो, हे ह्या दोन कृती एकत्र वाचल्याने अधिक स्पष्ट होते.

२

गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी निवर्तले आणि त्यानंतर त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला' रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर ह्यांनी ह्या नाटकाची जी प्रतिमा घडविली, ती पुढील पिढ्यांच्या मनांतून पुसली गेली नाही. कथानक सर्वपरिचित आहे. स्वतःच्या हुशारीवर वर आलेला वकील सुधाकर भर न्यायालयात मुन्सफाशी उद्धटपणे वागतो, त्याची सनद काही काळापुरती काढून घेतली जाते आणि त्या अपमानाचा विसर पडावा म्हणून तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. तेथून आर्यमदिरामंडळ, तेथून दारिद्र्य, आणि अखेरीस मद्याच्या धुंदीत पोटच्या पोराचा घात. सिंधू प्राणास मुकते. सुधाकर विष घेतो.

ह्या रचनेत मुलाचे कार्य काय आहे? उष्णतामापकातील पारा जसा स्वतः कोणी नसून केवळ ताप किती चढला हे दाखवितो, तसे हे मूल सुधाकराच्या अधःपाताची पातळी दाखविते. सनद गेली, मान गेला, पैसा गेला, घर गेले. आता उरले काय, तर मूल. ते गेले म्हणजे पतन पूर्ण झाले. शोकात्मिकेत मुलांचा असा उपयोग जुनाच आहे. ग्रीक नाटकातील मीडिया आपल्या मुलांना मारते, ती त्यांच्यावरील रागाने नव्हे. त्यांच्या मृत्यूने त्यांच्या बापाला जखम व्हावी म्हणून. तेथेही मुले ही एका मोठ्या माणसाने दुसऱ्या मोठ्या माणसावर केलेल्या आघाताचे साधन आहेत.

गडकऱ्यांना मुलाविषयी ममता नव्हती, असे मात्र कोणी म्हणू नये. बाळाला उद्देशून सिंधूच्या तोंडी असलेली पदे रसिकांच्या ओठांवर दीर्घकाळ राहिली आहेत. परंतु सूक्ष्म विचार केल्यास येथेच एक भेद जाणवतो. बाळाला उद्देशून पुष्कळ बोलले जाते. बाळाच्या वतीने मात्र कोणी बोलत नाही. पद्माकर बोलतो तो बहिणीच्या वतीने. रामलाल बोलतो तो मित्राच्या व त्याच्या पत्नीच्या वतीने. मूल हे सिंधूच्या दुःखाचा एक भाग म्हणूनच ह्या सर्वांच्या विचारात येते.

३

येथे एक आक्षेप संभवतो. मुलाच्या स्वतंत्र हिताची कल्पना आजची आहे, ती १९१९ मधील नाटकावर लादणे हा कालविपर्यास होय, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप वस्तुस्थितीला धरून नाही. १८९० सालचा पालक व पाल्य अधिनियम ह्या नाटकाच्या वेळी मुंबई इलाख्यात जवळजवळ तीस वर्षे अमलात होता. त्याच्या आठव्या कलमानुसार अज्ञानाचा कोणताही नातलग वा मित्र पालकाच्या नेमणुकीसाठी न्यायालयाकडे अर्ज करू शकत असे. सतराव्या कलमाने पालक नेमताना अज्ञानाचे कल्याण पाहण्याचे बंधन न्यायालयावर घातले होते. एकोणिसाव्या कलमात बापाचा अधिकार मोठा मानलेला होता खरा; बाप हयात असताना दुसरा पालक नेमता येत नसे. परंतु त्यालाही एक अपवाद होता: न्यायालयाच्या मते बाप अपात्र असेल तर. म्हणजे बापाचा हक्क निरपवाद नव्हता. 'अपात्र' हा शब्द कायद्यात होता.

आता नाटकातील पात्रांकडे पुन्हा पाहावे. पद्माकर हा मुलाचा मामा, म्हणजे नातलग. रामलाल हा कुटुंबाचा मित्र. दोघेही सुशिक्षित व साधनसंपन्न. आठव्या कलमाचा दरवाजा दोघांनाही उघडा होता. आणि स्वतः सुधाकर वकील आहे. आपल्या स्थितीला कायद्याच्या भाषेत काय म्हणतात, हे त्या घरात सर्वांत चांगले ठाऊक असावयास हवे ते त्यालाच. नाटकाचा प्रारंभ न्यायालयातील एका अपमानाने होतो आणि शेवट पोलिसांच्या चौकशीने. परंतु ह्या दोहोंच्या मध्ये, जेथे न्यायालयाचे खरे काम होते, तेथे ते कोणालाच आठवत नाही.

ही नाटककाराची चूक आहे असे मुळीच सुचवावयाचे नाही. त्या दरवाजातून कोणी गेलेच असते तर काय झाले असते, ह्याचाही विचार केला पाहिजे. तान्हे मूल आईपासून वेगळे करता येत नाही. आणि हिंदू पत्नीला पतीचे घर सोडून राहण्याची मुभा जितकी कायद्यात होती त्याहून कितीतरी कमी समाजात होती. आईला तर, बाप हयात असता, पालक म्हणून स्वतंत्र स्थानच नव्हते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमानेही बापाला प्रथम स्थान दिले आणि आईला 'त्याच्या नंतर' बसविले. मात्र अज्ञानाचे हित सर्वोपरी, हे तत्त्व त्याच कायद्याच्या तेराव्या कलमाने स्पष्ट केले. 'नंतर' ह्या शब्दाचा अर्थ 'मृत्यूनंतर' एवढाच नसून 'बापाच्या अभावी' असा आहे आणि हयात बाप बेपर्वा वा असमर्थ असेल तर तोही अभावच होय, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाकडून मिळावयास गीता हरिहरन खटल्याचे १९९९ हे वर्ष उजाडावे लागले. सिंधू ज्या काळी माहेरी जावयास नाकारून पतीच्या घरी दळणे दळीत राहिली, त्या काळी तिच्यापुढे जे दोन मार्ग होते, त्यांपैकी एकही मुलाच्या बाजूने कायद्याने बांधलेला नव्हता.

म्हणून सिंधूच्या निर्णयाची चर्चा केवळ पातिव्रत्याच्या अंगाने करणे अपुरे आहे. आणि तिला दोषी ठरविणे हेही तितकेच अन्यायाचे आहे. घरात राहण्याचा तिचा निर्णय पुढे मुलाच्याही वाट्याला येतो, हे खरे. परंतु मारणाऱ्या पुरुषाचा हिशेब मार खाणाऱ्या स्त्रीच्या नावे मांडण्याची चूक आधुनिक बालकल्याण-व्यवस्थेनेही केली आहे. न्यूयॉर्क शहरात, पतीच्या मारहाणीची शिकार झालेल्या स्त्रियांची मुले, त्या मुलांच्या दृष्टीस हिंसा पडू दिली एवढ्या कारणावरून काढून घेतली जात. त्या राज्याच्या सर्वश्रेष्ठ न्यायालयाने निकोल्सन खटल्यात २००४ साली सांगितले की, मुलाने मारहाण पाहिली एवढ्यावरून आईने हयगय केली असे ठरत नाही. सिंधूचा न्याय करू पाहणाऱ्या समीक्षकाने हा निर्णय ध्यानी ठेवण्यासारखा आहे.

अखेरच्या चौकशीत सिंधू पतीला वाचविण्यासाठी खोटी हकीकत सांगते. रंगभूमीवर हा क्षण पातिव्रत्याचे शिखर म्हणून गाजला. पण मुलाच्या बाजूने पाहिल्यास तेथे काय घडते? त्याच्या मृत्यूची खरी हकीकत सांगू शकणारी एकच साक्षीदार त्याची आई होती, आणि तिच्याच तोंडून ती हकीकत पुसली जाते. कायदा आला तो मूल गेल्यावर. आणि आल्यावर त्याने विचारले ते एवढेच की, गुन्हेगार कोण. मुलाचे हित कशात होते हा प्रश्न विचारण्याची वेळ टळून गेली होती.

४

'डेमन कॉपरहेड'मध्ये ह्याच्या अगदी उलट स्थिती आहे. डिकन्सच्या 'डेव्हिड कॉपरफील्ड' (१८४९-५०) ह्या कादंबरीचा सांगाडा घेऊन किंगसॉल्व्हर ह्यांनी व्हर्जिनिया राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील ली काउंटी ह्या डोंगराळ, तंबाखू व कोळशाच्या मुलुखात आपली कथा वसविली. ह्या कादंबरीला २०२३ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. निवेदक डेमन हा एका किशोरवयीन, व्यसनाधीन आईच्या पोटी जन्मलेला मुलगा आहे. बाप जन्मापूर्वीच गेलेला. सावत्र बाप मारकुटा. आई सुधारते, पुन्हा घसरते, उपचारांसाठी जाते, परत येते. आणि मुलाच्या अकराव्या वाढदिवशी औषधाच्या अतिमात्रेने मरते.

ह्या घरात कायदा अनुपस्थित नाही. मुलाची नोंद आहे, फाइल आहे, भेटीला येणारी सरकारी कार्यकर्ती आहे. परंतु ती स्वतःच तुटपुंज्या पगारावर काम करणारी एक तरुण मुलगी आहे आणि पुढे ती हे काम सोडून शिक्षिकेचा पेशा पत्करू पाहते. डेमनला ज्या पहिल्या घरी ठेवले जाते, तेथील वृद्ध शेतकऱ्याला मुले हवीत ती तंबाखूच्या शेतात राबावयास. दुसऱ्या कुटुंबाला हवा आहे तो मुलाच्या पोषणासाठी मिळणारा सरकारी पैसा. मुलाने स्वतः कचऱ्याच्या उकिरड्यावर काम करून आपल्या पोटाला मिळवावे, अशी त्यांची अपेक्षा. मुलाचे हित हा शब्द येथे प्रत्येक कागदावर आहे. सुधाकराच्या घरात तो कोणी उच्चारलाच नव्हता. येथे तो इतका उच्चारला जातो की, त्याचा अर्थ उरत नाही.

निवेदक मूल असल्यामुळे वाचकाला एक गोष्ट दिसते, जी 'एकच प्याल्या'त दिसू शकत नाही. डेमनचे आईवर प्रेम आहे. ती आपल्याला सांभाळू शकत नाही हे त्याला कळते आणि तरीही तिच्यापासून तोडले जाणे हा त्याला आघातच वाटतो. न्यायालयाच्या भाषेत 'पालकाचा हक्क' आणि 'अपत्याचे हित' हे दोन पक्ष आहेत, जणू दोन वकिलांनी दोन बाजूंना उभे राहावे. मुलाच्या मनात असे दोन पक्ष नसतात. हे दाखविणे हेच ह्या कादंबरीचे मोठे यश होय.

तिने आणखीही एक गोष्ट दाखविली आहे. पुढे गुडघ्याच्या दुखापतीवर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांतून डेमन स्वतःच व्यसनी बनतो. ह्या मुलुखात अफूजन्य वेदनाशामकांचा जो प्रसार झाला, त्यामागे ऑक्सिकॉन्टिन ह्या १९९६ पासून बाजारात आलेल्या औषधाचा वाटा मोठा होता. हे औषध विकणाऱ्या पर्ड्यू कंपनीच्या एका संलग्न संस्थेने व तिच्या तीन अधिकाऱ्यांनी मे २००७ मध्ये ह्याच प्रदेशातील अॅबिंग्डन येथील संघीय न्यायालयात, औषधाविषयी दिशाभूल केल्यासंबंधीचे आरोप कबूल केले. दंड सुमारे ६३ कोटी डॉलर झाला. तुरुंगात कोणीही गेले नाही. तळीरामाला नाटकात निदान एक चेहरा आहे. किंगसॉल्व्हर ह्यांच्या कादंबरीतील तळीराम एक व्यापारी योजना आहे. आणि न्यायालयासमोर 'पात्र की अपात्र' म्हणून उभी केली जाते ती तिच्या शेवटच्या टोकाला असलेली आई.

५

ह्या दोन कृतींचा एकत्र विचार केला म्हणजे असे दिसते की, झगडा मुळात हक्क आणि हित ह्यांच्यामधला नसून दोन प्रकारच्या काळांमधला आहे. व्यसनातून सुटणे ही सरळ रेषेत चालणारी गोष्ट नव्हे. सुधाकर एकदा दारू सोडण्याचा निश्चय करतो, काम मिळावे म्हणून प्रतिष्ठितांच्या दारी जातो, तेथे अवहेलना पदरी पडते आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. डेमनची आईही सुटते व पुन्हा अडकते. व्यसनी मनुष्याचा काळ हा असा वळसे घेणारा, मागे फिरणारा असतो. मुलाचा काळ तसा नसतो. तान्ह्या मुलाचे एक वर्ष म्हणजे त्याचे सर्व आयुष्य. ते पुन्हा मागता येत नाही.

अमेरिकन कायद्याने ह्या दोन काळांना एकाच पंचांगात बसविण्याचा प्रयत्न केला आहे. संतोस्की विरुद्ध क्रेमर (१९८२) ह्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पालकत्वाचा हक्क कायमचा संपुष्टात आणावयाचा तर निदान स्पष्ट व खात्रीलायक पुरावा पाहिजे. हा पालकांच्या बाजूचा बांध झाला. परंतु त्याच न्यायालयाने त्याआधी एक वर्ष, लॅसिटर खटल्यात, अशा प्रसंगी गरीब पालकाला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा सरसकट हक्क नाही, असेही ठरविले होते. पुढे १९९७ च्या दत्तक व सुरक्षित कुटुंब अधिनियमाने असा नियम केला की, मूल मागील २२ महिन्यांपैकी १५ महिने सरकारी देखरेखीखाली असेल, तर काही अपवाद वगळता राज्याने पालकत्व-समाप्तीचा अर्ज करावा. मुलाने वर्षानुवर्षे परक्या घरांतून फिरत राहू नये, हा ह्या नियमाचा हेतू निःसंशय चांगला होता. परंतु उपचारगृहात जागा मिळण्याची वाट पाहणाऱ्या, एकदा घसरून पुन्हा उभ्या राहू पाहणाऱ्या आईला पंधरा महिने म्हणजे काय, हे ज्याने सुधाकराचे मागे वळणे पाहिले आहे त्याला वेगळे सांगावयास नको.

हा तिढा जाणूनच काही न्यायालयांनी निराळा मार्ग धरला. लंडन येथे २००८ मध्ये न्यायाधीश निकोलस क्रायटन ह्यांच्या पुढाकाराने कुटुंबांसाठी मद्य व अमली पदार्थविषयक न्यायालय सुरू झाले. तेथे एकच न्यायाधीश पालकांना दर पंधरवड्यास, बहुधा वकिलांवाचून, भेटतो. उपचार करणारी मंडळी न्यायालयाशी जोडलेली असतात. सुधारणा झाली तर मूल घरी, न झाली तर मुलासाठी दुसरी कायम व्यवस्था. ह्या पद्धतीत दोन काळांचा विरोध नाहीसा होत नाही. परंतु दोन्ही काळ एकाच माणसाच्या नजरेसमोर राहतात. निर्णय शेवटी एकदम कोसळत नाही, तो पंधरवड्यापंधरवड्याने घडत जातो.

आपल्याकडे २०१५ च्या बालन्याय अधिनियमाने, ज्याचे पालक त्याची काळजी घेण्यास अपात्र वा असमर्थ ठरले आहेत अशा मुलाला 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' मानले आहे. बालकल्याण समितीला त्याविषयी अधिकार दिले आहेत. आणि त्याच वेळी संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय, असेही सांगितले आहे. १८९० चा 'अपात्र' हा शब्द येथे पुन्हा भेटतो. मात्र त्याच्या शेजारी 'असमर्थ' हा शब्द आला आहे. हा लहानसा फरक नव्हे. अपात्रतेत दोष आहे. असमर्थतेत मदतीची शक्यता आहे.

६

साहित्यकृतीला कायद्याच्या तराजूत तोलणे योग्य नव्हे, हे मान्य आहे. 'एकच प्याला'त पद्माकराने जिल्हा न्यायालयात अर्ज केला असता तर गडकऱ्यांचे नाटक राहिले नसते, हेही खरे. शोकात्मिकेला उशीर लागतो. नायकाला सत्य उमगते ते सर्व नष्ट झाल्यावर, आणि त्या उशिरा झालेल्या ज्ञानातच तिची भव्यता असते. सुधाकराला अखेरीस जे उमगते, त्याने आपण थरारतो ते ह्यामुळेच.

परंतु नेमकी हीच गोष्ट समीक्षकाने बोलून दाखविली पाहिजे. जो उशीर नायकाला भव्य करतो, तोच उशीर मुलाच्या जिवावर बेततो. उशिरा झालेले ज्ञान हे सुधाकराच्या बाबतीत शोकात्म आहे. मुलाच्या बाबतीत ते निरर्थक आहे. आजवरच्या समीक्षेने शोकात्मिकेचा काळ हाच एकमेव काळ मानला, आणि म्हणून तिला सुधाकराची करुणा व सिंधूचे मोठेपण दिसले, मूल मात्र दिसले नाही. नाटकाने प्रेक्षकांना रडविले. त्या रडण्यात मुलाचा वाटा किती आणि त्याच्या आईबापांचा किती, ह्याची वाटणी आपण कधी केली नाही.

ती केल्याने 'एकच प्याला'चे मोल कमी होत नाही. उलट नाटकातील शांततेचा एक भाग प्रथमच ऐकू येऊ लागतो. आणि न्यायालयाचा निवाडा वाचणाऱ्यालाही त्याचा उपयोग आहे. कारण 'पालकाचा हक्क' आणि 'अपत्याचे हित' ह्या शब्दांमागे, बोलता न येणारे कोणी तरी आपला काळ संपत असताना वाट पाहात आहे, हे त्याला विसरता येणार नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याने ह्या नाटकाकडे पुन्हा वळताना प्रत्येक प्रवेशाला एक साधा प्रश्न विचारावा: ह्या वेळी मूल कोठे आहे, आणि ते कोणाच्या ध्यानात आहे? बहुतेक प्रवेशांतून ह्या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही. त्या न मिळणाऱ्या उत्तरांची नोंद करणे, हे ह्या नाटकाच्या समीक्षेचे राहून गेलेले काम आहे.